सोन्याच्या कानांचा एम्परर

माझा नवरा एझ्रा जोन्स टाऊनचा सम्राट होता. हे त्याचं त्यानंच ठरवलं होतं. जमैकाच्या किंग्स्टनमध्ये तेव्हा ज्याच्याकडे कपाटाएवढे स्पीकर आणि पेटीभर अमेरिकन तबकड्या, तो कोणी राजा, कोणी काउंट. आमचे हे थेट एम्परर. घरात मात्र सम्राटांना स्वतःचे मोजे सापडत नसत.

अंगणात गाणी लावून लोकांना नाचवायच्या या धंद्यात आपल्याकडची तबकडी दुसऱ्याकडे असून चालत नाही. म्हणून नवी तबकडी आली की गाण्याचं नाव कोणा हेराला वाचता येऊ नये यासाठी तिचं लेबल खरवडायचं. ते काम माझं. पपई सोलायच्या सुरीनं मी लेबलं सोलायची. निवडही माझीच. बंदरात बोट लागली की खलाशांकडच्या तबकड्या मी ऐकायची, पटली तरच घ्यायची. नाच चालू असताना पत्र्याआड उभी राहून एकेक एझ्राच्या हातात द्यायची. आणि माईकवर ओरडायचा तो, ‘ऐका, ऐका! याला म्हणतात एझ्राचे कान!’

ईस्टरच्या सोमवारी दुपारी बिशप वेन्डेलशी, म्हणजे आमच्यासारख्याच एका स्पीकरवाल्याशी, सामना ठरला. एका अंगणात समोरासमोर दोघांचे स्पीकर, आळीपाळीनं गाणी, गर्दी ज्याच्याकडे वळेल तो जिंकला. हरणाऱ्यानं वर्षभर त्या अंगणात पाय ठेवायचा नाही.

आदल्या आठवड्यात वेन्डेलचा मेहुणा आमच्या कुंपणाशी घुटमळताना दिसला आणि एझ्राचं डोकंच फिरलं.

‘सगळी लेबलं काढ. एकूण एक!’

‘अरे, जुनी गाणी तर अख्ख्या गावाला पाठ आहेत.’

‘काढ म्हटलं ना!’

काढली. शंभरावर तबकड्या बोडक्या केल्या.

शनिवारी रंगारी आला आणि नव्या स्पीकरवर लाल अक्षरांत लिहून गेला: एम्परर एझ्रा, सोन्याच्या कानांचा.

‘आणि माझं नाव?’ मी विचारलं.

एझ्रा हसला. अगदी मनापासून हसला, तेच जास्त लागलं. ‘अगं, लोक नाचायला येतात, बायकोचं नाव वाचायला नाही. तू बोकडाचं मटण झकास करतेस, ते विक की.’

‘बरं,’ मी म्हणाले. मला काय सिंहासन हवं होतं? त्या माईकमधून एकदा माझं नाव ऐकायचं होतं, बस्स.

सोमवारी मी पातेलं घेऊन फाटकापाशी बसले. एझ्रानं दोनदा मान वर करून पाहिलं. मी दोन्ही वेळा पळीनं मटण ढवळलं.

वेन्डेलनं पहिलंच गाणं असं लावलं की धूळ उडाली. मग एझ्राची पाळी. त्यानं पेटीत हात घातला, ऐटीत एक तबकडी काढली, सुई टेकवली. नाताळचं गाणं लागलं. ईस्टरला! लोक पोट धरून हसले. पुढच्या पाळीला त्यानं माझ्या आईसाठी आणलेलं चर्चमधलं भजन लावलं. एका म्हातारबुवांनी तर हॅटच काढली.

‘बिशपकडे नाच आणि एम्पररकडे प्रार्थना! नावं बदलून घ्या रे!’ कोणीतरी ओरडलं. गर्दी वेन्डेलकडे सरकू लागली.

माईक खरखरला. ‘अगं... जरा इकडे येतेस का?’

‘कोण रे?’ अख्ख्या अंगणानं विचारलं.

‘माझी बायको.’

‘बायको मटण विकतेय!’ मी फाटकातून ओरडले.

‘हलू नकोस हं,’ शेजारी मासे तळणारी डेलरोझ म्हणाली. ‘चांगला शिजू दे त्याला.’

एझ्रानं रुमालानं मान पुसली. 

‘आयोना,’ तो म्हणाला. ‘आयोना, कान तुझेच आहेत. सगळी गाणी तूच आणलीस. मला लेबलाशिवाय नाच आणि नाताळ वेगळे करता येत नाहीत. ये ना.’

एवढ्या मोठ्या स्पीकरमधून माझं नाव अख्ख्या अंगणानं ऐकलं. राग होता, तो कुठे गेला कळलं नाही. रडू येत होतं आणि सगळ्यांसमोर ते मला मुळीच नको होतं. पळी डेलरोझच्या हातात दिली आणि निघाले. यावेळी पत्र्याआड नाही, पुढून गेले.

पेटीतल्या तबकड्या मी उन्हात तिरक्या धरून पाहिल्या. रेघा कुठे दाट, कुठे विरळ, यावरून सॅक्सोफोन कुठे उसळतो ते मला दिसतं. चौथी हवी ती निघाली. सुई टेकवली आणि तिसऱ्या सुरालाच पोरी चपला हातात घेऊन धावत आल्या. वेन्डेलच्या पुढ्यात उरला त्याचा मेहुणा, तोही पायानं ताल धरून.

गाणं संपायच्या आत बिशप वेन्डेल स्वतः आला. मला वळसा घालून एझ्रासमोर उभा राहिला.

‘गाण्याचं नाव नाही विचारत, एम्परर. पण कोऱ्या तबकड्यांतून हेच कसं काढलंत?’

एझ्रानं सवयीनं छाती फुगवली. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

‘मला नाही माहीत,’ तो म्हणाला. माईक चालूच होता. ‘आयोनाला विचार.’

वेन्डेल माझ्याकडे वळला. मी पुढची तबकडी उन्हात धरली होती.

‘थांबा जरा, बिशप,’ मी म्हणाले. ‘मी कामात आहे.’