भरमूच्या मापाची सायकल

सायकल माणसाच्या अंगाला बसली पाहिजे, माणसानं सायकलला नव्हे, हे गुंडू सगळ्या शहापूरला ओरडून सांगत आला होता. आणि आज ऐन दसऱ्याच्या सकाळी, संकेश्वरपर्यंतची सायकलशर्यत सुटायच्या तोंडावर, ज्या एका माणसासाठी त्यानं ही सायकल बांधली होती तो भरमू तिच्यावर टांग टाकून बसला आणि त्याचा पाय पायडलला पुरेना. पायडल खाली गेलं की पाय पुरवायला त्याची कंबर डावीकडे कलायची, मग उजवीकडे. असा हा बाबा वंटमुरीचा घाट चढणार होता!

"रातीत पाय आखडलं काय रं तुजं?" गुंडू खेकसला. मग त्यानं खाली पाहिलं. भरमू अनवाणी होता.

"पायताण कुठाय?"

"घरात हाय. आई नगो म्हणाली."

गुंडूला ब्रह्मांड आठवलं. कडोलीचा हा भरमू शेतात, बाजारात, सायकलवर, कुठंही जाड दुहेरी तळाचं कापशी पायताण घालूनच फिरायचा. म्हणून तर गुंडूनं त्याला पायताणासकट भिंतीला उभं करून माप घेतलं होतं. शिंपी कोटासाठी घेतो तसं मांडीचं, पोटरीचं, हाताचं, खांद्याचं, सगळं. माप चुकलं असतं तर गुंडूनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती आणि मोकळा झाला असता. पण माप बरोबर होतं आणि माणूसच बदलून आला होता.

बरं, सीट खाली घ्यावी, तर तीही सोय नाही. वर-खाली करायचा बोल्ट गुंडूनं ठेवलाच नव्हता. विणकराच्या घरात जन्मून मागावर न बसता तो लष्करी कॅम्पातल्या मिस्त्र्यांकडे पितळ वितळवून नळ्या सांधायला शिकला होता, आणि सीटचा दांडाही त्यानं तसाच कायमचा सांधून टाकला होता. लोकांनी सांगून पाहिलं, अरे, बोल्ट असू दे. तर म्हणे, "माप घेतल्यावर बोल्ट कशाला? भरमूचं पाय काय वाढणार हाईत?" पाय वाढले नाहीत हे खरं. पण अशी घमेंड अंगाशी आल्याशिवाय राहते थोडीच!

भरमूची आई मनुबाई शर्यत बघायला आलीच होती. गुंडू तरातरा तिच्याकडे गेला.

"मावशी, पोराला अनवाणी का पाठवलासा?"

"काल खंडेनवमीला पुजली न्हवं सायकल? हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. पुजल्याल्या वाहनावर पायताण घालून पाय ठेवायचा व्हय?"

"अवो, बसायची गादी कातड्याचीच हाय की!"

"गादी येगळी, पायताण येगळं," मनुबाई म्हणाली आणि तिनं पदर सावरला. तिच्या बाजूनं विषय संपला.

समोर सायकल क्लबाचे गडी कॅनव्हासचे बूट घालून, विलायती सायकलींवर रेलून उभे होते. क्लबाचे सेक्रेटरी मारुतीराव सगळ्यांच्या देखत गुंडूला बोलून बसले होते, "तुझी सायकल संकेश्वरात पहिली आली, तर क्लबाच्या सगळ्या सायकली तू बांधायच्यास." म्हणजे आज भरमू पहिला आला, की दुसऱ्याच्या सायकलींची पंक्चरं काढणं उद्यापासून बंद. एकेका माणसाला भिंतीशी उभं करायचं, त्याची चाल बघायची, त्याचं शरीर समजून घ्यायचं आणि मग नळीला करवत लावायची. एवढंच मागणं होतं गुंडूचं, आणि ते आता एका पायताणापायी बुडायला निघालं होतं.

पायडलला लाकडाच्या चकत्या बसवल्या असत्या तर भागलं असतं. पण करवत, पाना, हातोडी, सगळं घरी पाटावर झेंडू लेवून बसलेलं. उत्तरपूजा झाल्याशिवाय नागुबाई, त्याची बायको, त्यातल्या स्क्रूलाही हात लावू देणार नव्हती. गुंडूनं इकडंतिकडं पाहिलं, एक कचकचीत शिवी हासडली आणि डोक्याचा रुमाल काढला. सणाचा नवा कोरा रुमाल. दातानं टोक धरून त्यानं तो टरकन फाडला आणि एकेक तुकडा एकेका पायडलला घट्ट आवळून गुंडाळला. डोक्याचा रुमाल पायाखाली गेला आणि गुंडू भर दसऱ्याला बोडका झाला. बघणारे फिदीफिदी हसले. त्याला वाटलं, निदान मनुबाई तरी म्हणेल, डोकीचं वस्त्र पायाखाली नको. पण ती म्हणाली, "कापडाला काय हरकत न्हाय."

भरमूनं पाय टेकवला. पुरला. "आता बसलं बगा," तो म्हणाला, आणि शर्यत सुटली.

मारुतीरावांच्या मोटारीत मागच्या बाजूला गुंडूला जागा मिळाली. वाटेनं तो शिव्याच घालत होता, कधी भरमूला, कधी रुमालाला. काकतीपर्यंत भरमू घोळक्यात होता. घाट लागला तशी विलायती सायकलीवाल्यांची डोकी खाली गेली, खांदे हलायला लागले. भरमू मात्र सरळ पाठीनं चढत होता. गुडघा हवा तिथं येत होता, हात हवे तिथं पडत होते. गुंडूच्या शिव्या बंद पडल्या. आपण जे बोलत आलो ते खरं आहे, हे तो डोळ्यांनी बघत होता. त्यानं शेजारच्याला कोपर मारून म्हटलं, "त्येचा गुडगा बगा, गुडगा!" शेजारचा पायडलकडे बघत होता.

संकेश्वरात भरमू पहिला आला. मागचा गडी दिसायलाही वेळ लागला.

लोकांनी भरमूला खांद्यावर घेतलं. सायकलीभोवतीही गर्दी जमली. क्लबाचे गडी वाकून वाकून बघत होते, बोटानं चाचपत होते. गुंडू गर्दीतनं वाट काढत जवळ गेला. ते पायडलचं कापड चाचपत होते.

"गुंडू, मानलं तुला," मारुतीराव म्हणाले. "काय युक्ती काढलीस रे! कापडानं पाय घसरत नाही, सगळं बळ चाकाला जातं. मी शब्द पाळणार. सगळ्यांना अशाच सायकली बांध."

"बांधतो की, साहेब. उद्यापासनंच सगळ्यांची मापं घेतो."

"मापं कशाला?"

"म्हंजे? ह्यो उंच, त्यो बुटका, ह्येचं हात लांब..."

"अरे, ही पहिली आली ना? मग हीच बांध. ह्याच मापाची, सूतभरही फरक नको. आणि कापड असंच गुंडाळायचं. रेशमी मिळालं तर तेही बघ."

"साहेब, ही भरमूची सायकल हाय!" गुंडू ओरडलाच. "त्येच्या हाडामासाची हाय! दुसऱ्याच्या बुडाखाली घातलासा तर कंबर मोडंल त्येची!"

"जिंकणाऱ्याची सायकल म्हणूनच पाहिजे ना सगळ्यांना," मारुतीराव हसून म्हणाले आणि त्यांनी त्याच्या बोडक्या डोक्यावरून गळ्यात हार घातला.

बुटका गडी तेवढ्यात सायकलवर चढलाही होता. त्याचे पाय लोंबकळत होते आणि तो आनंदानं ओरडत होता, "एकदम हलकी हाय!" सगळे टाळ्या वाजवत होते. गुंडू हार घालून उभा राहिला. भरमू शेवटचा आला असता तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि तसं मनात आल्याची त्याला लाजसुद्धा वाटली नाही.