इंदुताईची कावीळ

"आमच्या घराण्यात असं काही नाही." पुंडलिकरावांनी डॉक्टरीणबाईंचा प्रश्न पुरता संपूही दिला नाही. "तिच्या माहेरचं विचारा."

तिच्या, म्हणजे तानाबाईच्या. ती लेकीच्या, जयाच्या खुर्चीला खेटून बसली होती. जयाचा एक स्तन काढून झाला होता आणि आता कर्करोग फुप्फुसात उतरला होता. गावात, नेरमध्ये, वर्षभर जो तो हेच म्हणायचा, पोरीले आईकडूनच आलं. तानाबाईनं तेही मुकाट गिळलं. घरच्या बाईनं नाही गिळायचं तर कोणी!

"हा दोष बापाकडूनही येतो, काका," डॉक्टर साधना म्हणाल्या. "जयाच्या रक्तातली जनुकं तपासू. दोष सापडला तर त्यावर वेगळी गोळी आहे. आत्ताच्या औषधाचा उपयोग होत नाहीये. आणि तिच्या धाकट्या बहिणीला धोका असू शकतो का, तेही कळेल. तुम्हाला बहीण आहे?"

"होती एक. काविळीनं गेली." पुंडलिकरावांनी टोपी सारखी केली. "अन् तपासणी-गिपासणी काही नको. धाकट्या सुरभीचं साक्षगंध झालं, लग्न ठरलं हाय. घराण्यात खोट हाय असा बोभाटा झाला, त पोरीले कोण नेईन?"

"जया, निर्णय तुझा आहे."

"बाबा नको म्हणतेत त राहू द्या," जया म्हणाली. एवढ्यानंच तिला धाप लागली.

तानाबाईनं पदर आवळून धरला.

"इंदुताई काविळीनं नाही गेली."

"तू गप बस!"

"आतापावतो गपच होती." ती डॉक्टरांकडे वळली. "आमच्यात बाई गेली की तिले शेवटचं न्हाऊ बायाच घालतात, मॅडम. इंदुताईले मी घातलं. छाती सडून गेलती. सासूबाई म्हणे, लुगडं गळ्यापावतो ओढ. यायनं, जयाच्या बाबानं, बाहेर लोकायले कावीळ सांगितली, अन् मी लुगडं ओढलं."

"वय काय होतं त्यांचं?"

"चाळीस बी नसन."

पुंडलिकराव उठून खिडकीशी गेले. साक्षगंधाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. डॉक्टरांनी नर्सला रक्त घ्यायला बोलावलं आणि जयानं हात पुढे केला. तानाबाईला हलकं वाटलं. खरंच हलकं वाटलं, इतक्या वर्षांनी.

सुई निघाल्यावर जयानं कापूस दाबून धरला.

"आई, गाठ आली तवा मी पहिले तुलेच दाखवली होती ना? न्हाणीत?"

"हो."

"तू म्हणे, लेकरू अंगावर पिते, दूध गोठलं असन. शेक घे."

तानाबाईनं मान डोलावली.

"तवा तुले आत्या नाही आठवली?"

नर्स बाटलीवर नाव लिहीत होती. तानाबाईनं तिचं लिहिणं संपेपर्यंत वाट पाहिली.

"आठवली होती," ती म्हणाली.