सुनेनं वाचलेला आकडा

सुईवरचं टोपण, तुरीच्या शेंगेएवढं, हिरवं. ते त्या पोरीनं इतक्या अलगद काढलं, की लंकाबाईंच्या डोक्यात तिडीकच गेली. तान्ह्याचं झबलंसुद्धा कुणी एवढं जपून काढत नाही... पोर म्हणजे आरती, कोपरगावातल्या या दवाखान्यातली शुगरची सिस्टर. काम एकच, माणसांना इन्सुलिन घ्यायला शिकवायचं. न रागावणं बहुधा पगारातच धरलेलं.

मघाशी तिनं गोळ्यांचं विचारलं, तेव्हा लंकाबाईंनी ठणकावलं होतं, "एकादशीला गोळी बंद. लग्नाचं जेवान आसलं की दोन. बुंदी काय एका गोळीनं जिरती व्हय?"

"बरं झालं सांगितलंत, मावशी." एवढंच. ओरडली असती तर उठून तरी जाता आलं असतं.

सुईला कोण भितंय! पण शेजारी सून, रुपाली, मान पुढे काढून सगळं शिकून घेत होती — लई हौस! — आणि लंकाबाईंना स्वतःची सासू दिसली... जन्मभर शिव्यांशिवाय न बोललेली, अंथरुणाला खिळली तशी पाण्याच्या घोटासाठी लंकाबाईंनाच "बाळा, बाळा" करायला लागलेली. शी! रोज सकाळी या बयेपुढे पोट उघडं टाकायचं, आणि वर गोडही बोलायचं?

"हिला नगं शिकवू. माझं मी टोचीन."

"तुम्हीच टोचायचं. पण या खिडकीत आकडा किती दिसतो?"

लंकाबाईंनी इन्सुलिनचं पेन लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब. काळी मुंगी, बाकी काही नाही.

"उजेड न्हाई तुझ्याकडं."

आरतीनं दिव्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हात तुमचा, आकडा रुपालीताई वाचतील. डोळे तपासून घेऊ, तोवर."

किती सहज वाटणी करून टाकली सटवीनं!

रुपाली वाकली. "दहा."

दहा की वीस — मला तर मुंगीच दिसणार... चिमटीत पोटाची कातडी धरली, सुई आत गेली, आणि दुखलं नाही. चिडायला तेवढंही निमित्त नाही. अंगठा मात्र थबकला. मी हिच्या तोंडाकडे का बघतेय?

"दहाच ना गं?"

आवाज मऊ निघाला.

"दहाच, आत्याबाई."

अंगठा दाबला. "लगेच काढू नका, थांबा," आरती म्हणाली. थांबल्या थांबल्या लंकाबाईंनी सुनेसाठी एक शिवी शोधली, चांगली ठेवणीतली. ती ओठांशी आलीही... पण तो मघाचा मऊ, सासूसारखा आवाज अजून तिथंच होता, जागा धरून — आणि तो आपला नव्हता असं आता कुणाला सांगावं, हेच त्यांना सुचेना.