ताइस्तोच्या मूत्रपिंडातला पहारेकरी

मी एक जुना पहारेकरी आहे. मित्रांनो, मी एक प्रथिन आहे आणि ताइस्तो नावाच्या फिनलंडमधल्या एका बोटचालकाच्या मूत्रपिंडात राहतो. माझ्यासारखे असंख्य रोज झिजतात, रोज नवे घडतात. चौकी मात्र चौसष्ट वर्षांची आहे. एवढ्या वर्षांत मालकाने आमची विचारपूस केली नाही. बोटीच्या इंजिनाला तो दर शनिवारी तेल घालतो.

आमच्या मूत्रपिंडात एक कळ आहे. ती दाबली की लघवीवाटे जाणारे मीठ पुन्हा रक्तात ओढले जाते, मिठामागून पाणी येते आणि रक्तदाब चढतो. कळ दाबण्याचा मान एका संप्रेरकाचा. पण कॉर्टिसोल नावाचे दुसरे आगंतुक संप्रेरक, संख्येने कितीतरी जास्त, तिच्यावर हात ठेवायला टपलेले असते. मी त्याला दारातच निकामी करतो. हे काम मी चोख केले. कौतुक म्हणाल तर शून्य.

तीन वर्षांपूर्वी ताइस्तोने सिगारेट सोडली आणि गावभर मिरवून घेतले. सिगारेटच्या जागी खिशात आली सल्मियाक्की, म्हणजे ज्येष्ठमध आणि नवसागराच्या काळ्या खारट गोळ्या. बोट घेऊन बेटावर जाताना अर्धी डबी, परतताना अर्धी. ज्येष्ठमधाने माझे हातपाय बांधले. आगंतुकाने कळ दाबून धरली आणि रक्तदाब एकशे ऐंशीवर गेला.

दवाखान्यातल्या सातु नर्सने बजावले, की मीठ कमी करा; दोन महिन्यांत दाब उतरला नाही तर डॉक्टर बोट चालवायच्या दाखल्यावर सही करणार नाहीत. ताइस्तो घाबरला. बोटीशिवाय त्याला दुसरे काही येत नाही. शहाण्या माणसाने अशा वेळी डोके चालवले असते. याने जीभ चालवली, तीही बायकोवर.

इर्मेलीने बिचारीने सामन माशाचे सूप अळणी केले, राय धान्याची बिनमिठाची भाकरी घरी भाजली, खारवलेले हेरिंग मासे बंद केले. हेरिंग तिच्या जिवाभावाचे. तरी तीही दोन महिने अळणी जेवली. दाब जागचा हलला नाही.

"खरं सांग," ताइस्तो म्हणाला, "चोरून मीठ घालतेस ना?"

इर्मेलीने पळी खाली ठेवली. "चाळीस वर्षं तुझ्या ताटात काय वाढलं ते मला ठाऊक आहे. तू तोंडात काय टाकतोस ते मात्र नाही."

यावर त्याने तोंडात एक गोळी टाकली. नाचता येईना अंगण वाकडे. अशा माणसाच्या पोटात राहण्याची मला लाज वाटली.

शेवटच्या तपासणीला इर्मेली सोबत गेली. रक्तात पोटॅशियम फार कमी निघाले; कळ दाबलेली राहिली की ते लघवीवाटे वाहून जाते. सातुने विचारले, आणखी काय खाता? काही नाही, म्हणाला. तेव्हा इर्मेलीने त्याच्या कोटाच्या खिशांतून तीन डब्या काढून टेबलावर मांडल्या.

"यात मीठ नसतं," ताइस्तो तुच्छतेने म्हणाला. "नवसागर असतो."

"मी ज्येष्ठमधाचं म्हणतेय हो," सातु म्हणाली. "तुमचा दाब त्यानं चढवलाय. बाईंच्या सुपानं नाही."

डॉक्टरांनी एका महिन्याची मुदत दिली. गोळ्या थांबल्या, माझे हात सुटले, मी पुन्हा दारात उभा राहिलो. दाब एकशे चौतीसवर आला आणि दाखल्यावर सही झाली. ताइस्तो धक्क्यावर सगळ्यांना सांगत सुटला, की मनाचा निग्रह असला की सगळे जमते.

त्या दुपारी इर्मेलीने त्याला सूप वाढले. स्वतःसाठी खारवलेल्या हेरिंगची बरणी उघडली आणि त्याच्यासमोर बसून उकडलेल्या बटाट्यांबरोबर चवीने खाल्ले.

"चोरून म्हणाला होतास ना," ती म्हणाली. "आता उघड खातेय, बघ."

तो सुपात बघत राहिला. आता तर तोंडात गोळीही नव्हती, तरी माफीचा शब्द फुटला नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. तुम्ही घेणार नाहीच. निदान दुसऱ्याच्या पातेल्यात डोकावण्याआधी स्वतःचे खिसे तपासा. बांधलेले हात सुटले की रक्तदाब मी उतरवू शकतो. इर्मेलीचे ते दोन महिने मला परत आणता येत नाहीत.