चिंच, बेल आणि मोकळी दोरी

निलंग्यात झाड उतरवायला चार माणसं लागत नाहीत, एकटा बालाजी पुरतो. हे मी स्वतःच सांगत फिरतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. कमरेला पट्टा, पट्ट्याला करवत, आणि शेंड्याकडून एकेक फांदी दोरीनं खाली. दोरी वरच्या बेचक्यातून घ्यायची, खोडाला तीन वेढे द्यायचे आणि हळूहळू सैल सोडायची. वेढ्यांमुळे जड लाकूडसुद्धा एका हातात राहतं.

नीलम्माक्कांची चिंच वादळात फाटून घरावर कलली होती. तिच्याखालीच त्यांचा बेल. आधीची दोन रोपं जळाली. हे तिसरं पाच वर्षांत छातीएवढं झालेलं. रोजच्या लिंगपूजेला त्याचीच पानं.

"बेल मोडला तर बघ," अक्का म्हणाल्या, "चिंच परत जोडून घेईन तुझ्याकडून."

"एक पान पडणार न्हाई, अक्का. फकस्त माझ्या दोरीला हात लावू नगा. मी एकटाच काम करतो."

दुपारी बेलाच्या डोक्यावर आलेली चिंचेची शेवटची मोठी फांदी राहिली. खालून हाक आली, "चहा झाला रे!" चहा म्हटलं की माझी अक्कल पातळ होते. घाईत दोनच वेढे दिले आणि करवत चालवली.

फांदी सुटली. दोरी हातातून सरसर पळायला लागली, हातमोजा तापला. बेल गेला! मी डोळेच मिटले.

मोडल्याचा आवाज काही आला नाही. पाहतो तर फांदी बेलाच्या दोन हात वर डुलत होती. जमिनीवर मोकळं असायला हवं ते दोरीचं टोक म्हशीच्या खुंट्याला बांधलेलं, ताठ ताणलं गेलं होतं.

"दोरीला हात कुणी लावला?" मी ओरडलो. रागानं की आनंदानं, माझं मलाच कळेना.

"मीच की. चहाला बोलवाया आले तर दोरी मोकळी पडलेली. वगारीच्या पायात गुतली मंजी? जरा ढील ठेवून बांधली, म्हशीला बांधते तशी."

मी गुपचूप तिसरा वेढा दिला. "अक्का, गाठ सोडा. आन् मी दोरी सोडतो तशी फांदी बेलापासनं बाजूला वढा."

अक्का कमरेवर हात ठेवून उभ्याच. "हात लावू नगं म्हनलास न्हवं? एकटाच काम करतोस न्हवं?"

चहा निवत होता. फांदी डुलत होती. बेल खाली निवांत उभा होता.

"न्हाई जमत, अक्का," मी म्हणालो. "एकट्याला न्हाई जमत."