जिन्याच्या वळणावरचं पान

सरांच्या वर्गात मत फुकट खपत नसे. "ही कादंबरी मला फार भावली," असं कुणी म्हटलं, की सर खुर्चीत मागे रेलून अगदी मऊ आवाजात म्हणत, "ओळ दाखवा." मग त्या भावलेल्या जिवाची जी तारांबळ उडे, ती बाकीच्यांना आठवडाभर करमणूक म्हणून पुरत असे. एका तासाला एकच पान, हातात पेन्सिल, आणि जे काय बोलायचं ते पानावर बोट ठेवून. पान दर वेळी कुणीतरी विद्यार्थी निवडणार, म्हणजे सरांना आवडती पानं पुढे सरकवण्याची सोय नाही. आणखी एक नियम होता, तो याहून कडक. लेखकाच्या घरात शिरायचं नाही. त्याचं बायकोशी पटतं का, तो उधळ्या आहे का, हे त्याच्या शेजाऱ्यांनी बघून घ्यावं. "आपल्याला बोलावणं फक्त पानाचं आहे," सर सांगत, आणि एम.ए.ची पोरं हे वाक्य त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच आवाजात म्हणत.

अशा माणसावर सख्ख्या धाकट्या बहिणीची कादंबरी शिकवायची पाळी आली.

त्यात तसा कुणाचा दोष नव्हता. नव्या कादंबऱ्यांची निवड ज्या बैठकीत झाली, तिला सर सर्दीचं निमित्त काढून गेले नव्हते. बहीण सासरचं आडनाव लावते, तेव्हा नातं कुणाला कळण्याचाही प्रश्न नव्हता. हे पुस्तक दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालता येतं का, ते सर विभागप्रमुख बाईंकडे जाऊन बघून आले.

"का हो, वाईट आहे का?" बाईंनी विचारलं.

"वाईट नाही."

"मग झालं तर. तुमच्याइतकं बारीक दुसरं कोण वाचणार?"

खरं कारण सांगायला सरांची जीभ रेटेना. खरं कारण हे, की पुस्तक बाजारात आल्यापासून त्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं होतं.

घरात ती बारकी. आई लवकर गेली, बाबांनी दोघांना वाढवलं, आणि बाबा म्हातारपणी हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत. त्या दुपारी बारकी उशाशी होती. सर चहा आणायला खाली कॅंटीनमध्ये गेले, आणि दोन कागदी पेले घेऊन परत येईपर्यंत बाबा गेलेले होते. "मी होते जवळ, दादा," बारकी म्हणाली होती. सरांनी ते सगळ्यांना सांगितलं. झालं, नातेवाइकांना तेवढंच हवं होतं. शेवटी मुलगीच जवळ होती बघा, असं जो तो येऊन सांगे, आणि पलीकडे मुलगा उभा आहे याचं भान कुणाला नसे. सरांनी ते कसंबसं गिळलं. पण मग बारकीने कादंबरी लिहिली, तीत बाप घातला, भाऊ घातला, चहाचे पेलेसुद्धा घातले, आणि सरांच्या डोक्यात जी तिडीक गेली ती गेलीच. नकोशी भेटवस्तू टाकून द्यावी तसं पुस्तक त्यांनी कपाटाच्या तळाशी टाकलं आणि तिचे फोन घेणं बंद केलं. विद्वान माणूस रुसला की असाच रुसतो, कारण न सांगता.

आता बारकीच्या नवऱ्याची बदली परदेशी झाली होती. महिनाअखेर बिऱ्हाड हलणार होतं, आणि परत कधी येणार ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तिचा एकच निरोप आला होता: जाण्याआधी एकदा भेटशील का?

"अहो, हो म्हणा, नाही म्हणा, पण उत्तर तरी द्या," सरांची बायको म्हणाली. "तुमच्या घरातलं आता तुम्हा दोघांशिवाय उरलंय कोण?"

"बघू," सर म्हणाले. या घरात 'बघू'चा अर्थ काय होतो ते बायकोला पाठ होतं. तिने पुढे काही विचारलं नाही.

पान निवडायची त्या आठवड्याची पाळी वकिलाची होती. तो काही वकील नव्हता, पण प्रत्येक गोष्टीवर आक्षेप घेई म्हणून पोरांनी त्याला ती सनद बहाल केली होती. अख्ख्या कादंबरीत पानांचा काय दुष्काळ होता? पण पठ्ठ्याने नेमकं जिन्याचं, भाऊ चहाचे पेले घेऊन उभा असतो ते पान काढलं, झेरॉक्स करून सगळ्यांना वाटलंसुद्धा. चेहऱ्यावर काही दिसू न देता सरांनी खिडकी लावली आणि म्हणाले, "करा सुरुवात."

सुरुवात बरी झाली. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मला यातला भाऊ आवडला."

"आवडण्यासारखं काय आहे त्यात?" सर म्हणाले, जरा जास्तच जोरात. "बाप वर खोलीत शेवटचे श्वास घेतोय आणि हा जिन्यात उभा. लेखिकेने त्याला चव्हाट्यावर आणलंय. तिने भावाला कधीच माफ केलेलं नाही."

सरांच्या तोंडून ओळीवाचून मत निघालेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. वकिलाच्या चेहऱ्यावर दिवाळखोराला घबाड मिळाल्याचा आनंद पसरला.

"लेखिकेने की गोष्ट सांगणारीने, सर?" तो म्हणाला. "आणि ओळ दाखवा."

आपल्याच पट्ट्याने मार खायची वेळ आली होती. सरांनी चष्मा पुसला, कागद उचलला आणि वाचलं:

"'दादा जिन्याच्या वळणावर भिंतीला कपाळ टेकून उभा होता. दोन्ही हातांत कागदी पेले. एक पेला कलला होता आणि चहा त्याच्या मनगटावरून ओघळत होता. चहा गरम होता. त्याला ते कळत नव्हतं.' बघा, काही सोडलंय का तिने? मनगटसुद्धा सोडलं नाही. एखाद्याला इतकं उघडं पाडायचं, याला माफी म्हणायचं का?"

मग भिंतीकडच्या बाकावरून खोडरबरचा आवाज आला. ही मुलगी पेन्सिलीने खुणा करी त्याहून जास्त खोडी, म्हणून हे नाव. ती वर्गात क्वचित बोले.

"सर, पण हे बघतंय कोण?"

"म्हणजे?"

"ही 'मी' तर वर खोलीत आहे, वडिलांजवळ. मग जिन्यात काय चाललंय ते तिला कसं दिसलं?"

"कल्पना केली असेल," वकिलाने आक्षेप घेतला. "लेखक लोक करतात."

"ही नाही करत. मागच्या तासाचं पान बघ ना. भावाच्या ऑफिसातलं भांडण सांगते, तेव्हा आधीच सांगून टाकते की हे मी वहिनीकडून ऐकलं. जे पाहिलं नाही, ते ती पाहिल्यासारखं सांगतच नाही कुठे. आणि चहा मनगटावरून ओघळतोय, हे तिला कोण सांगणार? भावाला तर कळतच नव्हतं, तिथेच लिहिलंय." तिने सवयीने खोडरबर उचललं आणि परत ठेवलं. "ती उठून बाहेर आली होती, सर. जिन्यात वर कुठेतरी उभी होती."

वकील घाईघाईने पुस्तकाचं पुढचं पान उलटत होता. या वेळी त्याने आक्षेप घेतला नाही. "इथे आहे," तो म्हणाला. "'आत्या म्हणाली, तू तरी जवळ होतीस. मी पेला विसळून पालथा घातला.' हो म्हणतच नाही ती. पुढेही कुठे म्हणत नाही."

"मग वडिलांजवळ कोण होतं?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"कोणीच नाही," खोडरबर म्हणाली.

सर कागदाकडे बघत राहिले. त्या दुपारी ते जिन्यात तसे उभे होते हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. कॅंटीनमधून परत येताना जिन्यातच त्यांचं अवसान गळालं होतं, पुढची पायरी चढवेना, आणि कुणी बघत नाही असं समजून ते थोडा वेळ रडले होते. कादंबरीत ते वाचलं तेव्हा त्यांना एवढंच दिसलं, की आपलं उघडं पडलेलं दुःख लोक पैसे देऊन वाचताहेत. हिला कळलं कसं, हा साधा प्रश्न, जो पहिल्या वर्षाच्या पोराने विचारला नसता तर सरांनी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं, तो त्यांना तीनदा वाचूनही पडला नव्हता.

"हे माझ्याकडून सुटलं होतं," सर म्हणाले.

पोरं खूश झाली. वकिलाने तर खोडरबरच्या बाकावर थाप मारली. सरांनी तास तिथेच संपवला आणि सगळे बाहेर पडेपर्यंत उगाचच फळा पुसत राहिले. मग पहिल्या बाकावर बसून त्यांनी फोन लावला.

"दादा?" बारकीचा आवाज जपून आला. मागे चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"आज जिन्याचं पान वाचलं," सर म्हणाले. "वर्गात."

पलीकडे चिकटपट्टी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तू बाहेर आली होतीस."

"बाबांचा श्वास बदलला होता. तुला हाक मारायला आले." ती थांबली. "तू तसा उभा होतास. तुला तसं मी कधी पाहिलंच नव्हतं रे. हाक मारता आली नाही मला. थोडा वेळ नुसती उभी राहिले आणि परत गेले. तोवर झालं होतं सगळं."

"मग मला का म्हणालीस, जवळ होते म्हणून?"

"तू दारात आलास तेव्हा तुझा चेहरा बघितला. दुसरं काय सांगणार होते? कुणीतरी होतं त्यांच्याजवळ, असं तरी तुला वाटावं."

बाबा एकटे गेले, हे इतकी वर्षं सरांना माहीत नव्हतं, कारण ते माहीत असण्याचं काम बारकी एकटी करत होती. वर लोकांची शाबासकी आणि भावाचा अबोला झेलत होती. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली, आणि तिची इतकी माया आली की काही सुचेना.

"पुस्तकात तरी सरळ लिहायचं होतंस," ते कसेबसे म्हणाले.

"सरळ लिहिलं असतं तर आत्यालासुद्धा कळलं असतं. मला फक्त तुला सांगायचं होतं. म्हटलं, दादा वाचेल नीट."

सरांनी चष्मा काढून बाकावर ठेवला. बाहेर कुणीतरी झाडू मारत होतं, तो आवाज दारापर्यंत आला आणि पुढे गेला.

"दादा? आहेस ना?"

"आहे. रविवारी येतो," सर म्हणाले. "खोकी बांधायला दोरी वगैरे घेऊन येऊ का?"

"दोरी आहे," बारकी म्हणाली. ती रडत होती. "तू ये."