मास्तरांचे बूट

विमानात दारू चढलेली माणसं दोन जातीची, असं मास्तर म्हणायचे. एक रडणारी, दुसरी भांडणारी. रडणाऱ्याला पाणी द्यावं आणि भांडणाऱ्याचे बूट काढून घ्यावेत.

ताईनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती नुकती कामाला लागली होती. एक आडदांड गृहस्थ ग्लास आपटत शिव्या घालत होता आणि ही पडद्याआड दडून उभी होती. मास्तर म्हणजे त्या विमानातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांचे प्रमुख. सारखे शिकवत असायचे, म्हणून मास्तर. ते सरळ त्या माणसापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "साहेब, पाय सुजले असतील. बूट काढून देऊ का?" बोलताबोलता नाड्या सोडल्यासुद्धा. गडी मोज्यांवर आला आणि मांजर झाला की हो.

"भागूबाई," मास्तर नंतर तिला म्हणाले, "बूट काढले की माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. आणि घरी कोण कशाला दंगा करेल?"

"माझे वडील करायचे," ताई म्हणाली.

त्या दिवसापासून मास्तरांनी एकही दारुडा तिच्या एकटीच्या वाट्याला येऊ दिला नाही. तिची भीड चेपेपर्यंत प्रत्येक वेळी ते मागे उभे असत, पाठीला पाठ लावल्यासारखे. भागूबाई हे नाव मात्र त्यांनी सोडलं नाही, ती स्वतः प्रमुख झाली तेव्हासुद्धा.

काय दिवस होते ते. कामं आटोपली की मागच्या चिंचोळ्या जागेत उलट्या डब्यांवर बसून चहा व्हायचा, मास्तर नकला करायचे. बूट परत कधी द्यायचे त्याचाही त्यांचा नेम होता: चाकं जमिनीला लागल्यावरच. आणि उतरताना दारुड्यालाही बाकीच्यांसारखंच हसून "सांभाळून जा" म्हणायचं. शुद्धीवर आल्यावर त्याला तेवढंच आठवतं, असं त्यांचं म्हणणं.

आता बूटबीट कोण काढतंय. आता आधी तोंडी समज, मग लेखी, मग हाताला प्लास्टिकच्या पट्ट्या, आणि खाली उतरल्यावर पोलीस. त्या माणसाला पुढे काही वर्षं विमानात पाऊल टाकता येत नाही. ताई स्वतःच हे नव्या मुलींना शिकवायची, आणि मनापासून शिकवायची. पूर्वी मुलींनी काय काय गिळलं ते तिला ठाऊक होतं. जुनं ते सगळंच सोनं नसतं.

तर एका दुपारी विमान हेलकावे खाऊ लागलं, पट्टे बांधायची घंटा झाली, आणि थोड्याच वेळात धाकटी पांढरीफटक होऊन ताईकडे आली. धाकटी म्हणजे गटातली सगळ्यांत नवी मुलगी. मनगट दुसऱ्या हातात धरलं होतं.

"ताई, एक आजोबा प्यायलेत. मागच्या दाराच्या दांड्याला हात घातला त्यांनी. मी अडवलं तर हात पिरगळला माझा."

दाराला हात. म्हणजे विषयच संपला. ताईनं खणातून पट्ट्या काढल्या आणि मागे गेली. दोघा प्रवाशांनी एका हडकुळ्या म्हाताऱ्याला दाबून धरलं होतं. टाय वाकडा, तोंडाला भपकारा, पण भांग अजून पट्टीनं आखल्यासारखा.

"घंटा झाली ना?" तो ओरडत होता. "मग दार कोण बघणार, तुझा बाप?"

ताईनं आवाज ओळखला. मास्तर. ज्या माणसानं उभ्या हयातीत थेंबाला शिवलं नव्हतं, तो हा. घंटा झाली की मास्तर दाराच्या दांड्यावरून हात फिरवायचे, नीट बंद आहे ना म्हणून. नियमात असं कुठे नव्हतं, दार मधेच उघडतही नसतं. त्यांची आपली खोड. त्यांच्याकडून ती ताईलाही लागली होती. आज घंटा झाल्यावर पुढच्या दाराच्या दांड्यावरून तिचाही हात फिरला होता.

तिनं पट्ट्या खिशात कोंबल्या आणि हलत्या विमानात गुडघ्यावर बसली.

"साहेब, पाय सुजले असतील. बूट काढून देऊ का?"

म्हातारा खाली बघत राहिला. "भागूबाई?"

"बसा आधी, मास्तर."

शेवटच्या रांगेत बसवून तिनं त्यांचे बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. त्यांची बायको गेल्याचं ताईनं ऐकलं होतं, जायचं जायचं म्हणता भेटायला जाणं राहून गेलं होतं. त्याची आता फार लाज वाटली.

"लेकीकडे निघालोय, कायमचा," मास्तर म्हणाले. "घराला कुलूप घातलं. तिथून पुढे नातवंडं बघायला वर्षातून एकदा विमानानं थोरल्या मुलाकडे, असं ठरलंय. पण बसून प्रवास कधी केलाय का मी? बसल्यावर हातांचं काय करायचं तेच कळेना. पोरीनं काय हवं विचारलं. म्हटलं, सगळे घेतात ते दे." मग हळूच म्हणाले, "कॅप्टनला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग काय लोणचं घालतेस त्याचं? सांग."

ताईनं कॅप्टनशी बोलायचा फोन उचलला. एक शब्द गाळला तर कोणाला कळणार नव्हतं, आणि सगळं सांगितलं तर थोरल्याकडची नातवंडं या माणसाला आता फोटोतच बघायची होती. तिनं सगळं सांगितलं. दाराचा दांडा, पिरगळलेला हात, जुनी ओळख, सगळं.

"उघडायला गेले नव्हते हे कशावरून?" कॅप्टननं विचारलं.

"मीही तेच करते म्हणून."

कॅप्टननं ते लिहून घेतलं. "दाराचं मी कळवीन, चौकशीला त्यांना नंतर बोलावतील. पण हात तिचा पिरगळलाय. पोलीस बोलवायचे की नाही, ते तिला विचार. आणि तू भीड घालू नकोस."

धाकटी पडद्याआड मनगटाला बर्फ लावून बसली होती. ताईनं विचारलं आणि तोंड मिटून उभी राहिली. तिला पदर पसरावासा वाटत होता. पण याच पोरीच्या जागी कधीकाळी ती होती, आणि मास्तर तेव्हा पोरीच्या बाजूनं उभे राहिले होते.

"माफी मागितली त्यांनी तर नको पोलीस," शेवटी धाकटी म्हणाली. "पण नीट मागायला हवी. नशेत होतो, चालणार नाही."

धाकटी जवळ आली तसे मास्तर मोज्यांवर उभे राहिले. समोरच्या खुर्चीला धरलं होतं, तोल सांभाळायला.

"पोरी, मी तुझ्या अंगाला हात लावला. दारू माझ्या तोंडात कोणी ओतली नव्हती. चूक माझी आहे. आणि तुला पोलीस बोलवायचे असतील तर बोलव, मी हिला पोरींच्याच बाजूनं उभं राहायला शिकवलंय."

धाकटीनं मनगटावरचा बर्फ बाजूला ठेवला. "बसा आजोबा, पट्टा बांधा," ती म्हणाली.

चाकं जमिनीला लागली. ताईनं बूट नेऊन दिले आणि नाड्या बांधायला वाकली, तर मास्तरांनी तिचा हात बाजूला केला. "बांधतो मी. तू जा दाराशी, लोक उतरतायत."

ती दाराशी उभी राहिली. माणसं उतरू लागली, ती प्रत्येकाला "सांभाळून जा" म्हणू लागली. थोड्या वेळानं शेजारून तेच शब्द आणखी एका आवाजात यायला लागले. मास्तर केव्हा येऊन तिच्या बाजूला उभे राहिले, तिला कळलं नाही. टाय सरळ केला होता. हात पाठीमागे, मान किंचित झुकलेली, अगदी पूर्वीसारखे. नकळत ताईची पाठ ताठ झाली. कितीतरी वर्षांनी आपल्या मागे कोणीतरी आहे असं तिला वाटलं, आणि ही रांग संपूच नये असंही.

शेवटचा प्रवासी उतरला. विमान रिकामं झालं तरी मास्तर तसेच उभे होते, आतल्या खुर्च्यांकडे बघत, आणखी कोणी यायचं असल्यासारखे.

ताईनं त्यांच्या कोपराला हात लावला.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्हाला उतरायचंय. लेक वाट बघत असेल."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे. मान डोलावली. जाताजाता सवयीनं त्यांचा हात दाराच्या दांड्याकडे गेला, पण त्यांनी तो मागे घेतला.

"सांभाळून जा," ताई म्हणाली.